"गोळी घेतलीस का?" : बायपोलर आजार आणि घरातली माणसं

परवा ठाण्याहून वाशीची गाडी पकडली. सकाळी ऊन, दुपारी सर, संध्याकाळी पुन्हा घामाच्या धारा, असा दिवस होता. समोरच्या बाकावरची मुलगी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "हवा नुसती बायपोलर झालीये गं." त्याच आठवड्यात ऑफिसात एकाने साहेबांबद्दल तोच शब्द वापरला. शब्द सगळ्यांच्या तोंडी झालाय. आजार मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरात तो आहे ते सहसा बोलत नाहीत.

मी बोलणार आहे. माझ्या थोरल्या भावाला हा आजार होऊन सोळा वर्षं झाली. दादा आणि वहिनी नेरूळला राहतात, मी ठाण्यात, नौपाड्यात. हा लेख दोघांनी वाचलाय. दादाने दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या, त्या तशाच ठेवल्या आहेत. मी डॉक्टर नाही. यातलं वैद्यकीय जे काही आहे ते इतकी वर्षं डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसून, प्रश्न विचारून आणि वाचून गोळा केलेलं आहे.

मुंबईतले पाहुणे कुणाच्या विचित्र वागण्याबद्दल बोलताना "याला आता ठाण्याला पाठवा" म्हणायचे. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, त्यामुळे शहराचं नावच त्या अर्थाने रूढ झालं. दादाला पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं ठरलं तेव्हा आई रडत म्हणाली, "ठाण्याला ठेवणार का रे त्याला?" आई आणि मी तेव्हा ठाण्यातच राहत होतो.

२०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने १२ राज्यांत मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं. त्यात आयुष्यात कधीतरी बायपोलर झालेल्यांचं प्रमाण हजारात पाच निघालं. २०११ च्या जनगणनेतलं ठाणे शहर साधारण १८ लाखांचं. तेच प्रमाण इथे सरसकट धरलं तर एकट्या ठाणे शहरात ढोबळमानाने नऊ हजार माणसं होतात, आणि त्यांची नऊ हजार घरं. याच सर्वेक्षणात आजार असलेल्या दहांपैकी सात जणांना उपचारच मिळत नव्हते.

मूड तर सगळ्यांचेच बदलतात, त्यात काय?

बदलतातच. नवी मुंबईकरांना समजेल असं एक उदाहरण देते. या शहराचा बराच भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोने पावसाचं पाणी धरून ठेवणारे डच पद्धतीचे धारण तलाव बांधले आणि खाडीच्या तोंडाशी झडपा बसवल्या. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते. ओहोटी लागली की ती उघडते आणि शहरातलं पाणी खाडीत निघून जातं. भरती-ओहोटी रोज दोनदा येते, आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण झडप तिचं काम करत असते.

मनाचंही तसंच. बढती मिळाली, पाणी चढतं. कुणी टाकून बोललं, उतरतं. दोन-चार तासांत, फार तर दोन-चार दिवसांत पातळी जागेवर येते. बायपोलरमध्ये ही झडप अडकते. चढलेलं पाणी आठवडे-महिने उतरत नाही, उतरलेलं चढत नाही, आणि पुष्कळदा बाहेर काही घडलेलंही नसतं. झडप म्हणजे एखादी शीर किंवा गाठ नव्हे. मेंदूत झोप, उत्साह, भूक आणि भावना यांचा मेळ घालणाऱ्या अनेक यंत्रणा एकत्र काम करतात, त्या मेळातच बिघाड होतो. आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असतो. ताण, जागरणं, नशा यांनी ठिणगी पडते.

तीन शब्द एकदाच सांगून ठेवते. चढलेल्या अवस्थेला उन्माद म्हणतात. निदानासाठी तो किमान आठवडाभर टिकावा लागतो, किंवा इतका तीव्र असावा लागतो की रुग्णालयात दाखल करावं लागतं. त्याचंच हलकं रूप, किमान चार दिवसांचं, म्हणजे सौम्य उन्माद. उतरलेली अवस्था म्हणजे नैराश्य, किमान दोन आठवड्यांचं. पूर्ण उन्माद एकदा जरी येऊन गेला तरी तो पहिला प्रकार. सौम्य उन्माद आणि मोठं नैराश्य असा इतिहास असेल तर दुसरा. आमच्या घरी यातलं काहीच म्हणत नाहीत. "दादा वर आहे का?" "नाही, जरा खाली आहे." एवढ्यावर भागतं.

म्हणजे सकाळी हसून संध्याकाळी चिडणारा साहेब बायपोलर नाही. या आजाराची मोजणी तासांत होत नाही, कॅलेंडरवर होते. आणि दोन लाटांच्या मध्ये लांबलचक सपाट काळ असू शकतो, ज्यात माणूस तुमच्या-माझ्यासारखा नोकरी करतो, भाजी आणतो, भाच्याला गणित शिकवतो.

चढलेला माणूस ओळखू का येत नाही?

दादाचा आजार खालून सुरू झाला. गणपती झाल्यावर तो गप्प झाला. महापेला कामावर जायचा, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. नेहमीच्या डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी दिली, आणि ती चुकीची नव्हती, कारण समोर फक्त नैराश्यच दिसत होतं. पण बायपोलरमध्ये नुसती नैराश्यावरची गोळी, सोबत मूड स्थिर ठेवणारं औषध नसताना, काही जणांना उलट वर ढकलते. तीन आठवड्यांत दादा तीन तासांच्या झोपेवर आला आणि आम्हाला वाटलं, वा, काय गुण आलाय!

तो पहाटे चारला उठायचा, पाम बीच रोडवर चालून यायचा, सहाला सगळ्यांना फोन. आवाजात इतका आनंद की ऐकणाऱ्याला बरं वाटावं. मग उलव्यात फ्लॅट घेण्याची भाषा सुरू झाली. विमानतळ येणार, भाव दुप्पट होणार, आत्ताच घेऊन ठेवायला हवं. आता विचार करा, त्या काळात नवी मुंबईत हे कोण बोलत नव्हतं? रिक्षावाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे हेच म्हणत होते. फरक एवढाच की दादाने अकरा दिवसांत तीन फ्लॅटचं टोकन दिलं. वहिनीचे दागिने, पीएफमधली उचल आणि दोन मित्रांचे उसने पैसे.

चढती अवस्था हवेत जे असेल ते उचलते. बाजाराची चर्चा असेल तर शेअर, देवधर्माचं वातावरण असेल तर साक्षात्कार, निवडणूक असेल तर उमेदवारी. म्हणून ती वेडेपणासारखी दिसत नाही, महत्त्वाकांक्षेसारखी दिसते. वहिनी हरकत घेऊ लागली तेव्हा आम्ही, सख्खी भावंडं, तिलाच म्हणालो, "अगं, करू दे की काहीतरी, कालपर्यंत उठत नव्हता." याची मला आजही लाज वाटते.

पहिल्या मसुद्यात मी इथे लिहिलं होतं, "तेव्हा तो भानावर नव्हता." दादाने ते वाक्य खोडलं. म्हणाला, "भान होतं. मला सगळं आठवतंय, टोकनच्या पावत्यांचा रंगसुद्धा. ब्रेक नव्हता." काहींच्या बाबतीत उन्माद आणखी पुढे जातो, भ्रम होतात, आवाज ऐकू येतात. पण अनेकांचं भान शाबूत असतं, आणि म्हणूनच आपल्याला वाटतं की हा मुद्दाम करतोय.

ते बोलला कोण: तो, की त्याचा आजार?

नात्यांत खरी तोडफोड या प्रश्नावर होते. त्या अकरा दिवसांत दादा वहिनीला म्हणाला होता, "तू कायम माझे पाय ओढत आलीस. तुझ्याशी लग्न करून चूक झाली." पुढे चार महिने तो अंथरुणाला खिळून होता, तेव्हा तिनेच त्याला आंघोळीला उठवलं. पण ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही. ती मला विचारायची, "दारू प्यायल्यावर माणूस खरं बोलतो म्हणतात, मग हेही खरंच असेल ना?"

उन्मादात मनातल्या साध्या कुरबुरीसुद्धा दहा पट मोठ्या आवाजात बाहेर येतात. त्या वाक्यात एखादा कण खरा असेलही, कुठल्या नवऱ्याच्या मनात बायकोबद्दल, किंवा बायकोच्या मनात नवऱ्याबद्दल, कधी काही येत नाही? आपण तो कण मनात येऊ देतो, तोलतो, सोडून देतो. हे तोलणंच उन्मादात बंद पडलेलं असतं. म्हणजे "हे खरं की आजाराचं" याचं उत्तर त्या वाक्यात सापडणारच नाही, कितीही उगाळलं तरी.

मग बघायचं कुठे? आमच्या डॉक्टरांनी वहिनीला एक साधी खूण सांगितली. आजार एकटा येत नाही, लवाजम्यासह येतो. झोप, बोलण्याचा वेग, खर्च, चिडचिड, नव्या योजना, हे सगळं त्याच आठवड्यात एकदम हलतं, आणि ते त्या माणसाच्या स्वतःच्या नेहमीच्या वागण्यापेक्षा वेगळं असतं. राग एकटाच आला असेल, एकाच विषयावर असेल, आणि झोप, जेवण, पैसा जागच्या जागी असेल, तर तो राग आहे. तुमचा शेजारी कसा वागतो याच्याशी तुलना करू नये. मुळात बडबड्या माणसाचं बोलणं मोजून काही कळत नाही. अबोल माणूस अचानक रात्री अकराला जुन्या वर्गमित्रांना फोन लावू लागला तर कळतं.

काही घरांत पैशांऐवजी तिसरं माणूस असतं. उन्मादात कामेच्छा वाढते आणि परिणामांची भीती जाते, त्यातून विवाहबाह्य संबंध घडतात. यावर कुणी कुणाला "आजार होता, विसरून जा" असं सांगू नये. आजार हे कारण आहे. दुखावलेल्याचं दुःख त्याने कमी होत नाही, आणि माफ करायचं की नाही हा त्या जोडीदाराचाच हक्क आहे. दादाने बरं झाल्यावर दोन्ही मित्रांकडे स्वतः जाऊन हप्ते बांधून घेतले. वहिनीचे दागिने करायला त्याला सहा वर्षं लागली. ती म्हणते, दागिन्यांपेक्षा तो दर महिन्याला सोनाराकडे जात होता हे तिला जास्त वाटलं.

उतार: जास्त लांबचा आणि जास्त एकटा

लोकांना उन्मादाच्या गोष्टी आठवतात, पण या आजारातला मोठा काळ नैराश्याचाच असतो. चढानंतरच्या नैराश्यात आणखी एक गोष्ट मिसळते, शरम. आपण कुणाकुणाला काय बोललो, कुणाकडे हात पसरला, हे सगळं एकेक करून आठवायला लागतं.

दादाची दुसरी दुरुस्ती इथली. मी लिहिलं होतं, त्याला काही करावंसं वाटत नसे. तो म्हणाला, "वाटायचं. ब्रश करावा एवढंच वाटायचं आणि दोन तास तेच वाटत राहायचं." म्हणून "जरा मन रमव", "येऊरला फिरून ये", "सकारात्मक विचार कर" ही वाक्यं आपण प्रेमाने बोलतो तरी त्याला ती आरोपासारखी लागतात. वहिनी नुसती शेजारी बसून भाजी निवडायची. ते चालायचं.

या काळात जीव देण्याचे विचार येऊ शकतात. बायपोलरमध्ये आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी जास्त असतो. विचारलं तर डोक्यात कल्पना भरेल अशी भीती सगळ्यांना वाटते. तसं होत नाही. सरळ विचारावं: "जगणं नको वाटतंय का? तसं काही मनात येतं का?" हो म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका, गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झाली, नंबर १४४१६. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

"गोळी घेतलीस का?"

आजार समजला, औषध सुरू झालं, की घर एका नव्या चुकीत शिरतं. आम्हीही शिरलो. दादाने वरणात मीठ कमी आहे म्हटलं, आई विचारणार, "गोळी घेतलीस का?" सिनेमा बघून मोठ्याने हसला, आम्ही एकमेकांकडे बघणार. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून तो भांडला, मुद्दा शंभर टक्के त्याचा बरोबर होता, आणि घरी आल्यावर वहिनीने तोच प्रश्न विचारला. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "मला आता रागवायची परवानगी नाही का गं?"

हा प्रश्न काळजीचा असतो, पण त्याचा अर्थ असा पोचतो की तुझ्या म्हणण्यात काही तथ्य नाही, तुझ्यातलं रसायन बोलतंय. माणसाच्या प्रत्येक भावनेवर आजाराचा शिक्का बसला की तो दोनांतलं एक करतो: भावना लपवायला लागतो किंवा गोळ्या सोडून देतो. दोन्हीत नुकसान घराचंच.

याला अभ्यासाचाही आधार आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून रुग्णालयातून घरी गेलेल्या लोकांवर लक्ष ठेवलं. जिथे सतत टीका, तिटकारा किंवा अति गुंतलेली काळजी होती, त्या घरांत आजार जास्त वेळा उलटला. ते काम मुख्यतः स्किझोफ्रेनिया या दुसऱ्या मानसिक आजारावरचं होतं. पुढे अमेरिकेत डेव्हिड मिक्लोविट्झ यांना बायपोलरमध्येही तसंच दिसलं. त्यांनी रुग्ण आणि घरचे यांना एकत्र बसवणारी पद्धत तयार केली, नऊ महिन्यांत २१ बैठका. त्यात आजार समजून घेणं, एकमेकांशी बोलायची रीत आणि अडचणी सोडवणं असा क्रम असतो. औषधांच्या जोडीला ती दिली तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. इथे कुणी अर्थ लावेल की घरच्यांमुळे आजार होतो. तसं अजिबात नाही. आजार घरच्यांमुळे होत नाही, पण तो किती वेळा परतून येईल यात घराच्या हवेचा हात असतो.

ठरवायचं बरं असताना

भर पावसात, भरतीच्या वेळी, झडप दुरुस्त होत नाही. ती उन्हाळ्यात तपासतात, ग्रीस लावतात, गाळ काढतात. उन्मादातल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नटबोल्ट शोधणं. त्याला त्या क्षणी सगळं स्वच्छ दिसत असतं आणि अडवणारा प्रत्येक जण शत्रू वाटतो. म्हणून जे ठरवायचं ते सपाट काळात, त्याच्याच तोंडून, त्याच्याच अक्षरात.

आमच्याकडे असा एक कागद आहे. एका डिसेंबरात दादा छान असताना जेवणाच्या टेबलावर बसून दोघांनी लिहिला. पहिलं कलम झोपेचं: सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन, चर्चा नाही. झोप पहिली का? कारण कमी झोप ही उन्मादाची खूणही आहे आणि त्याला हाक मारणारी गोष्टही. नवरात्रातलं जागरण, लग्नघरातल्या चार रात्री, ऐरोलीच्या आयटी पार्कमधली रात्रपाळी, हे बाकीच्यांना नुसतं थकवतं; बायपोलर असलेल्याला ते वर नेऊ शकतं. दादाने पाळ्यांची नोकरी सोडून दिवसाची घेतली, पगार कमी झाला तरी.

दुसरं कलम पैशांचं. दहा हजारांवरचा खर्च दोघांनी, आणि अठ्ठेचाळीस तास थांबून. यूपीआयची मर्यादा कमी ठेवलेली, घराची कागदपत्रं माझ्याकडे ठाण्यात. तिसरं, गोळ्यांचं: सात खणांची डबी फ्रिजवर, रविवारी वहिनी एकदा बघणार, बाकी आठवडा कुणी विचारणार नाही. चौथं कलम मला सगळ्यात शहाणं वाटतं: "मी वर जातोय असं मला तीनच माणसं सांगू शकतात." त्यात वहिनी, मी आणि त्याचा शाळेतला एक मित्र. आईचं नाव नाही, आणि आईने ते मोठ्या मनाने मान्य केलं. सांगायचं वाक्यही ठरलेलं आहे, "कागद काढूया का?" कागद काढल्यावर तो दर वेळी ऐकतोच असं नाही. पण पाचांतल्या चार वेळी अक्षर स्वतःचं बघून थबकतो.

हीच कल्पना कायद्यातही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक सज्ञान माणसाला आधीच लेखी सांगून ठेवायचा हक्क दिलाय की मी निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेन तेव्हा मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायला सांगितलंय. मेडिक्लेम घेताना हे विचारा.

गोळ्या जन्मभर घ्यायच्या?

बहुतेकांना दीर्घकाळ, अनेकांना कायम. रक्तदाबाच्या गोळीला आपण असं विचारत नाही. लिथियम हे या आजारावरचं जुनं आणि अजूनही भरवशाचं औषध, एक साधा क्षार. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी त्याचा उन्मादावरचा उपयोग प्रसिद्ध केला. आत्महत्येचा धोका ते कमी करतं, हे त्याचं मोठं बळ.

पण त्याची मात्रा नाजूक असते. रक्तात साधारण ०.६ ते १.० इतकी पातळी ठेवतात, दीडच्या वर गेली तर विषबाधा होऊ शकते. म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी, सोबत थायरॉइड आणि मूत्रपिंड. गोळी घेतल्यावर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं, म्हणजे सकाळची गोळी तपासणीनंतर. घरच्यांनी लक्षात ठेवायचं ते वेगळंच: मे महिन्यातला घाम, जुलाब-उलट्या, निर्जळी उपास, अचानक मीठ बंद करणं आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, या सगळ्यांनी लिथियमची पातळी वाढते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोलणं जड होणं, उलट्या असं दिसलं तर वाट बघू नका.

बरं वाटलं म्हणून औषध सोडण्याचा मोह प्रत्येकाला होतो. दादाने दोनदा सोडलं. दुसऱ्या वेळी कारण विचारल्यावर म्हणाला, "मला ती पहाट आठवते." सौम्य चढातलं ते तेज, ती हलकी पहाट, ती गमावल्याचं खरं दुःख असतं. ते आपण मान्य केलं की मग तो गोळ्यांबद्दल खरं बोलतो.

लग्न आणि मुलं

"लग्न करून द्या, सुधारेल" हा सल्ला अजून चालू आहे. लग्नाने आजार बरा होत नाही, आणि लपवून केलेल्या लग्नात पहिल्याच लाटेला दोन माणसं बुडतात. हिंदू विवाह कायद्यानुसार फसवणूक म्हणून असं लग्न रद्दही होऊ शकतं. उलट बाजूने, नुसतं निदान आहे म्हणून घटस्फोट मिळत नाही. आजार किती तीव्र आहे, त्यासोबत राहण्याची अपेक्षा वाजवी आहे का, हे न्यायालय बघतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच हे स्पष्ट केलंय. तो खटला स्किझोफ्रेनियाचा होता, पण तत्त्व तेच. सांगून, डॉक्टरांना एकत्र भेटून केलेली लग्नं टिकताना मी पाहिली आहेत.

मुलांना होईल का? आई किंवा वडील एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के धरतात. धोका वाढतो, पण दहांतल्या नऊ मुलांना होत नाही. मूल हवं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला: व्हॅल्प्रोएट हे या आजारावरचं एक औषध गर्भाला घातक ठरू शकतं, आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे आजार असलेल्या बाईसाठी फार जोखमीचे असतात. गोळ्या मनाने बंद करणं हा मात्र त्यावरचा उपाय नाही.

माझा भाचा सात वर्षांचा असताना त्याने विचारलं, "बाबा माझ्यावर रागावलेत म्हणून झोपून आहेत का?" मुलं रिकाम्या जागेत स्वतःचा दोष भरतात. वहिनीने त्याला सांगितलं, "बाबांच्या मेंदूला कधीकधी खूप थकवा येतो. तुझ्यामुळे नाही. डॉक्टर औषध देतायत." पुरेसं होतं.

आणि वहिनीचं काय?

सोळा वर्षांत मला दादाच्या तब्येतीबद्दल शेकडो जणांनी विचारलं असेल. वहिनी कशी आहे, हे विचारणारे बोटावर मोजण्याइतके. काळजी घेणाऱ्या जोडीदारांमध्येही नैराश्य आणि चिंता पुष्कळ दिसते. तिला रात्री पंख्याच्या आवाजातही त्याच्या कुशी बदलण्याचा आवाज ऐकू यायचा. तो उठला की तिला जाग, मग तो झोपला तरी ती जागी. एका वर्षी तिचंच वजन आठ किलोने उतरलं.

ती आता ठाण्यात काळजीवाहकांच्या एका गटात येते. तिथे पहिल्यांदा तिने मोठ्याने म्हटलं, "मला कधीकधी त्याचा राग येतो, आजाराचा नाही, त्याचा." कुणी तिला गप्प केलं नाही. काही बायका आणि काही नवरे नातं सोडून जातात. मारहाण होत असेल, उपचारांना कायमचा नकार असेल, तर ते जाणं समजण्यासारखं आहे; त्यांना स्वार्थी ठरवण्याआधी आपण किती रात्री त्या घरात काढल्या ते आठवावं.

गेल्या डिसेंबरात कागद नव्याने लिहिला. दरवर्षी लिहितात, जुना फाडतात. या वेळी दादाने स्वतःहून सातवं कलम घातलं: वर्षातून दोनदा वहिनीने आठ दिवस चिपळूणला माहेरी जायचं, आणि त्या काळात त्याला फोन करायचा नाही. रोज रात्री नऊला तो माझ्याशी बोलेल, किती झोपला ते सांगेल, आणि मी वहिनीला फक्त "ठीक" किंवा "ये" असं कळवेन. फेब्रुवारीत ती गेली होती. आठही दिवस मी "ठीक" लिहिलं. सहाव्या दिवशी तिचं उत्तर आलं, "आज दुपारी तीन तास झोपले."